थारचं साल यार्डात ठरत नाही, जांबोटीच्या पलीकडं ठरतं

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, पण आपल्या खानापूर-बेळगाव भागातल्यांनी वाचाच.

भाच्याबरोबर एका जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो होतो. पोराला सेकंडहँड फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे. शेत कणकुंबीकडं, भात आणि काजू, त्यामुळं हौस नाही, गरज आहे. एजंटानं महिंद्राची २०२१ ची लाल थार जीप पुढं काढली. टायर मोठे घातलेले, लाईटी लावलेल्या. मग साहेबांनी गाडी फोर एचमध्ये (चारी चाकं, नेहमीचा वेग) टाकली, सुक्या काँक्रीटवर स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि यार्डात गोल गोल फिरवून दाखवली. गाडी खालनं कडकड करत अडकत होती आणि हा म्हणतोय, "बघा, ताकद बघा!"

ती ताकद नव्हे, ती गाडी रडत होती. थारला पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मधे, दोन्हींना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो. सुक्या काँक्रीटवर तो जाणार कुठं? सगळा पीळ पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि जॉइंटांवर बसतो. एवढं ज्याला माहीत नाही तो माणूस माझ्या भाच्याला सांगतोय, "२०१७-१८ च्या गाड्या भंगार झाल्या, बघू नका तिकडं. साल जेवढं नवं तेवढी गाडी चांगली." या एका वाक्यानं माझं टाळकं सटकलं.

माझ्या मामाकडं २०१६ ची थार सीआरडीई आहे, म्हणजे जुन्या थारचं अडीच लिटरचं डिझेल मॉडेल. जांबोटीच्या पुढं आत गाव. पाऊस कसला असतो ते तिकडच्यांना सांगायला नको. त्याच पट्ट्यातल्या आमगावला २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदलाय. जुलैतल्या एका रात्री आजीला दम लागला. वीज गेलेली, रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. मामानं गाडी फोर एलला (चारी चाकं, वेग कमी पण ओढ जास्त) टाकली आणि मागच्या बैलगाडीच्या वाटेनं शेताशेतानं काढली. ओहोळाच्या कडेला मागचं एक चाक अधांतरी लटकलं. मी मागं आजीला धरून बसलेलो. चाक नुसतंच गरगरलं, मग खालनं 'खट्' असा आवाज आला आणि गाडी सरळ वर चढली.

तो 'खट्' म्हणजे मागच्या अॅक्सलमधला मेकॅनिकल लॉक. एक चाक मोकळं फिरायला लागलं की आपोआप बसतो आणि दोन्ही चाकं एकत्र ओढायला लावतो. आता ऐका, साल इथं येतं. थार २०१० ला आली तेव्हा हा लॉक नव्हता. २०१५ च्या जुलैत गाडी बदलून आली, तेव्हापासून मिळाला. म्हणजे २०१४ ची आणि २०१६ ची थार लांबून सारख्याच दिसतात, पण त्या ओहोळात एक बाहेर आली असती आणि दुसरी सकाळपर्यंत तिथंच राहिली असती. हे यार्डवाला सांगत नाही, कारण त्याला ओहोळ माहीत नाही.

शिवाय सुरुवातीच्या गाड्यांची पंधरा वर्षं भरलीत, नाहीतर भरत आलीत. पुढं फिटनेस, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, दर पाच वर्षांनी तेच. ते लचांड कशाला मागं लावून घ्यायचं?

आता नव्या थारबद्दल. ऑक्टोबर २०२० ची थार गाडी म्हणून चांगली आहे. दोन एअरबॅग, ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार स्टार, आणि आमची जुनी यात कुठंच बसत नाही, मान्य. बेळगाव-पुणे हायवेला आठवड्याला जाणाऱ्यानं नवीच घ्यावी. झालं, बोललो.

पण कणकुंबीच्या शेतकऱ्याचं काय? १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमातल्या झाल्या. डिझेल बीएस-६ म्हणजे सायलेन्सरच्या लाईनीत काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, गाडी बराच वेळ एका लयीत पळावी लागते. आमच्याकडं पावसाळ्याचे चार महिने गाडी घरातनं शेतात, शेतातनं डेअरीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरात. फिल्टर भरतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद सोडते. मग लॅपटॉप घेऊन बसणारा माणूस लागतो. तो बेळगावात. मामाच्या गाडीचा क्लच गेला तेव्हा खानापूरच्या मिस्त्रीनं झाडाखाली गिअरबॉक्स उतरवून बसवला आणि संध्याकाळी मामा गाडी घेऊन घरी. त्या अडीच लिटरच्या इंजिनाला हात लावायला आपल्याकडं कुणी घाबरत नाही.

एजंटाला मी विचारलं, "ही २०२१ ची रजिस्टर, पण बनली कधी?" त्याला माहीत नव्हतं. आरसीवर, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या कार्डावर, बनल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं ओ! विचारायचं कारण आहे. ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० मधे बनलेल्या १५७७ डिझेल थार कंपनीनं इंजिनातल्या कॅमशाफ्टसाठी परत बोलावल्या होत्या. कंपनीनं स्वतःहून तपासल्या, चांगलं केलं. पण आपण घेतोय ती त्यातली आहे का, आणि काम झालंय का, हे विचारायला तोंड पाहिजे की नको?

आणि २०२३ ची थार घेणाऱ्यांनो, खाली वाकून बघा. त्या जानेवारीपासून नुसत्या मागच्या चाकावर चालणारी थारही मिळते. बाहेरनं पटकन ओळखायला येत नाही. आत गिअरच्या शेजारी दुसरा दांडा आहे का बघा. नसेल तर ती कणकुंबीला कामाची नाही, मग साल कितीही नवं असू दे.

भाच्यावर मी चिडलो होतो, आता वाटतंय त्याची काय चूक? चोवीस वर्षांचं पोर, फोनवर दिवसभर थार चिखल उडवताना दिसते, लाल रंग दिसतो. मीही त्या वयात जिप्सीच्या मागं होतो. बेळगावात मिलिटरीच्या जिप्स्या बघतच मोठे झालो आपण. त्यानं काजूच्या दोन हंगामांतले पैसे बाजूला ठेवलेत, बापाकडं मागितले नाहीत. म्हणून तर जीव तुटतो. ते पैसे कुणाच्या मोठ्या टायरांत जाऊ नयेत. कंपनीपेक्षा मोठे टायर घातले की अॅक्सलमधल्या क्राउन-पिनियन गिअरवर आणि स्टेअरिंगवर ताण येतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे असले बदल बसत नाहीत ते वेगळंच.

साल ठरलं तरी गाडी कुठं राहिली ते बघा. गोव्याच्या गाड्या चोर्ल्यानं रोज वर येतात, स्वस्त असतात. वरनं पॉलिश मारलेली, खाली खारी हवा खाल्लेली चेसिस. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटे चेसिसला जोडतात तिथं) स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा, आत गेला तर उठून घरी या. दिल्लीच्या गाड्या तशा गंजत नाहीत. पण तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलवर संक्रांत आली म्हणून त्या इकडं येतात, तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरच्या नंबराबद्दल लिहिलं की कमेंटीत भांडण होतं, तरी लिहितो. नंबर प्लेटवर एमएच असलं की आपल्याला बरं वाटतं, मलाही वाटतं, त्यामागं काय आहे ते सीमाभागाबाहेरच्यांना कळायचं नाही. चंदगडला पाहुण्याच्या नावावर गाडी ठेवून बेळगावात फिरवणारे आपलेच कितीतरी. पण गाडी एका राज्यातनं आणून बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली की कायद्यानं नंबर बदलावा लागतो, आणि कर्नाटकाचा आजीवन टॅक्स देशातल्या जबर टॅक्सांपैकी आहे. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली एमएच गाडी केए-२२ (बेळगावचा नंबर) होईपर्यंत महाग पडते. आणि पाहुण्याच्या नावावरची गाडी ठोकली तर इन्शुरन्सला तोंड कोण देणार? पाहुणा?

मामाला मघाशी फोन केला. म्हणालो, तुमची गाडी भंगार आहे म्हणे. मामा म्हणाला, "तो माणूस पावसाळ्यात एकदा इकडं येऊन जाऊ दे की." मागनं आजी विचारत होती, कुणाचा फोन. तिला बोललो थोडं. आता दम कमी आहे म्हणाली, तू केव्हा येतोयस म्हणाली. तिचा आवाज ऐकला आणि राग निम्मा उतरला.

तर माझं मत पक्कं. खानापूरच्या पश्चिमेला, डोंगरात, शेतात वापरायची असेल तर २०१५ च्या जुलैनंतरची आणि बीएस-६ च्या आधीची सीआरडीई. मिळाली तर २०१९ ची, कारण शेवटच्या गाड्यांना एबीएस आलं, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत. ओल्या जांभ्याच्या उतारावर ते पाहिजेच. चारी टायर एका मापाचे असावेत. फोर एल मातीवर टाकून बघायचा, काँक्रीटवर नाही.

खानापूर, बेळगाव, चंदगडात कुणाची अशी गाडी विकायची असेल तर मला मेसेज करा. एका हातची, केए-२२ असेल तर उत्तम, कंपनीच्याच मापाचे टायर असलेली. रंग कुठलाही चालेल, पोराला मी समजावतो. बजेट साडेसहाच्या आसपास. एजंटांनी फोन करू नये.