स्वीडन-नॉर्वेवाले म्हणे रांगेत उभे होते!

ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या भाच्याला मामाच हा फॉरवर्ड पाठवतो, वर 'शिका काहीतरी' असंही लिहितो, तेव्हा उत्तर देणं भाग पडतं. मजकूर असा: एकोणिसाव्या शतकात नॉर्वे-स्वीडनचे लोक रीतसर कागदपत्रं घेऊन अमेरिकेत आले, सरकारचं फुकट काही घेतलं नाही, आल्याआल्या इंग्रजी शिकले, म्हणून त्यांना कुणी विरोध केला नाही.

कसली कागदपत्रं? तेव्हा व्हिसाच नव्हता. तिकिटाचे पैसे मोजायचे आणि बोटीत बसायचं. गंमत म्हणजे नॉर्वेजियनांची पहिली संघटित तुकडीच कायदा मोडून आली. 4 जुलै 1825 ला स्टाव्हांगरहून 'रेस्टोरेशन' निघाली, खलाशी धरून 52 माणसं घेऊन. वाटेत एक बाळ जन्मलं आणि 9 ऑक्टोबरला न्यूयॉर्कला 53 जण उतरले. 1819 च्या अमेरिकी कायद्यानुसार बोटीच्या दर पाच टनांमागे दोनच प्रवासी चालत. बोट जेमतेम 39 टनांची, म्हणजे पंधराच प्रवासी! बोट जप्त, कप्तानाला अटक, दंड 3,150 डॉलर. शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी नोव्हेंबरात तो माफ केला. ही झाली 'रीतसर' सुरुवात.

'फुकट घेतलं नाही' हे तर हद्दच झालं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळे. किरकोळ फी भरायची, घर बांधायचं, पाच वर्षं कसायची. त्यासाठी नागरिक असणंही गरजेचं नव्हतं. कोर्टाच्या कारकुनासमोर 'मला नागरिक व्हायचंय, आमच्या राजाशी संबंध तोडतो' एवढं लिहून दिलं की पुरे. त्याच कागदावर विस्कॉन्सिन-मिनेसोटात मतदानही करता येई. मिनेसोटात ही सोय 1896 पर्यंत होती. उलट 1867 मध्ये मिनेसोटा राज्यानेच हान्स मॅट्सन या स्वीडिश माणसाला आपले देशबांधव आणायच्या कामावर नेमलं. ती जमीन आधी कुणाची, हे 1863 मध्ये तिथून हाकललेल्या डकोटा या मूळ रहिवाशांना विचारावं.

इंग्रजीचं थोडक्यात: 1889 मध्ये विस्कॉन्सिनने बेनेट कायद्याने शाळेतले मुख्य विषय इंग्रजीतून शिकवणं सक्तीचं केलं. जर्मनांसोबत नॉर्वेजियन लुथरन (प्रोटेस्टंट पंथाचे) लोकही खवळले. 1890 मध्ये कायद्याच्या बाजूचा रिपब्लिकन गव्हर्नर निवडणुकीत पडला, 1891 मध्ये कायदाच गेला.

विरोध कमी होता, एवढं मात्र मान्य. नो-नथिंग या तेव्हाच्या स्थलांतरविरोधी पक्षाला नागरिकत्वासाठी 21 वर्षं राहण्याची अट हवी होती, पण त्यांचा रोख मुख्यतः आयरिश-जर्मन कॅथलिकांवर होता, हे नॉर्वे-स्वीडनवाले पडले लुथरन. शिवाय 1790 च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला नागरिकत्व मिळे. नॉर्वेत जन्मलेले क्नूट नेल्सन 1893 मध्ये मिनेसोटाचे गव्हर्नर झाले. उलट पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित 1914 पासून नागरिक होते. निकालानंतर सरकारने त्यांचंही नागरिकत्व रद्द करायला खटला भरला.