‘मला’ऐवजी ‘मी’

नमस्कार. जमैकातल्या कृष्णवर्णीयांच्या रास्ताफारी या धर्मपंथावरचा (त्याचे अनुयायी म्हणजे ‘रास्ता’) माझा लेख वाचून तुम्ही विचारलंत, ‘जटा वाढवायच्या, गांजा ओढायचा आणि एका हुकूमशहाला देव मानायचं, ही कसली आत्मिक उन्नती?’

सम्राटाबद्दलचा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. रास्ता ज्यांना देव मानतात ते इथिओपियाचे सम्राट हाइले सेलासी स्वतः तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे होते, आणि वोलो प्रांतातल्या दुष्काळानंतर 1974 साली त्यांची सत्ता गेली. त्यांच्या देवत्वावर माझाही विश्वास नाही. पण 1930 साली त्यांना राज्याभिषेक झाला तेव्हा जमैकातल्या चर्चच्या चित्रांत देव गोराच होता आणि इथे एक कृष्णवर्णीय राजा सिंहासनावर बसत होता, हे विसरू नका.

मला जागृती दिसते ती रास्तांच्या भाषेत. जमैकाच्या बोलीत माणूस स्वतःला ‘मी’च म्हणतो, उच्चार आपल्यासारखा, पण तो इंग्रजीतल्या ‘me’वरून, म्हणजे ‘मला’वरून आलेला. रास्तांनी तो टाकला. ज्याच्यावर दुसरा कुणी काहीतरी करतो, असं कर्म होऊन का बोलायचं? ते ‘आय’ म्हणू लागले, आणि ‘आम्ही’ किंवा ‘तू नि मी’ म्हणायचं तिथे ‘आय अँड आय’. तुझ्यातही जाह (म्हणजे देव), माझ्यातही जाह, मग ‘तू’ वेगळा कसा? ‘अंडरस्टँड’मध्ये खाली उभं राहणं आहे म्हणून ‘ओव्हरस्टँड’. ‘डेडिकेट’मध्ये मरण ऐकू येतं म्हणून ‘लिव्हिकेट’. आपल्याला लगेच अद्वैत आठवतं, मलाही आठवलं. पण ती घाई नको. उसाच्या मळ्यांत ज्या गुलामांना माल म्हणून मोजलं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी बायबल वाचत घडवलेली ही भाषा आहे.

आता गांजा. हा शब्द आणि चिलीम तिकडे गेली ती आपल्याच गिरमिटिया मजुरांबरोबर, 1845 नंतर. रास्तांच्या ‘रीझनिंग’ला माणसं गोल बसतात, प्रार्थना करतात, चिलीम फिरते आणि एकेका वचनावर तासन्‌तास वाद चालतो. त्या बैठकीचा जीव त्या वादात असतो. कित्येक रास्ता तर गांजाला हातही लावत नाहीत. त्यांची खरी साधना म्हणजे ‘लिव्हिटी’, रोजचं जगणं: डुकराचं मांस नाही, दारू नाही, अनेकांच्या जेवणात मीठसुद्धा नाही.

जटांमागे बायबलच्या ‘गणना’ पुस्तकातलं नाजीर व्रत आहे: डोक्याला वस्तरा लावायचा नाही. 1963 साली जमैकातल्या कोरल गार्डन्स इथे झालेल्या हिंसक चकमकीनंतर पोलिसांनी रास्तांना पकडून मारलं आणि त्यांच्या जटा जबरदस्तीने कापल्या. जमैका सरकारने त्याची माफी मागितली 2017 साली.