‘एक एसएसएल द्या’ एवढ्यावर कोटेशन मागवू नका

सध्या एक सल्ला बराच फिरतोय: ‘एसएसएल सर्टिफिकेटं सगळी सारखीच. कोटेशन मागवताना “एक सर्टिफिकेट, तीन वर्षं, कमीत कमी दर” एवढंच लिहा, बाकीचं विक्रेता बघून घेईल.’ हा सल्ला पाळून फसलेले लोक मी पाहिलेत, म्हणून लिहितोय. एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे वेबसाइटची ओळख पटवणारं आणि तिच्याशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक (एन्क्रिप्ट) करू देणारं डिजिटल प्रमाणपत्र.

‘सगळी सारखीच.’ एन्क्रिप्शनपुरतं खरं आहे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट असो की महागडं ईव्ही (एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन), त्या बाबतीत फरक नाही. फरक पडताळणीत आहे. डीव्हीत (डोमेन व्हॅलिडेशन) फक्त डोमेनवरचा ताबा तपासतात, ओव्ही (ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन) आणि ईव्हीत संस्थेचीही चौकशी होते. ईव्हीमुळे अ‍ॅड्रेस बारमध्ये झळकणारं कंपनीचं नाव क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९मध्येच काढलं. कुठल्या नियमाची सक्ती नसेल तर ‘डीव्ही चालेल’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर एकाचा दर डीव्हीचा येतो, दुसऱ्याचा ईव्हीचा.

‘एक सर्टिफिकेट.’ खरा घोळ इथे होतो. कोणकोणती नावं हवीत? वाइल्डकार्ड (‘*’ खुणेने अनेक उपनावं धरणारं सर्टिफिकेट) घेतलं की सगळं आलं, हा समज चुकीचा आहे. ‘*.संस्था.कॉम’मध्ये ‘मेल.संस्था.कॉम’ बसतं, ‘चाचणी.मेल.संस्था.कॉम’ बसत नाही, कारण तारा एकाच पायरीपुरता असतो. नुसतं ‘संस्था.कॉम’ही वेगळं नोंदवावं लागतं. बरेच विक्रेते ते आपणहून घालतात, तरी मागणीत लिहाच. शिवाय वाइल्डकार्डला सर्व्हरवर फाइल ठेवून पडताळणी चालत नाही, म्हणून डीएनएस (डोमेनच्या नोंदी) कोणाच्या हातात आहे ते आधी शोधून ठेवा. सर्व्हर किती, हेही सांगा, कारण काही ठिकाणी दर सर्व्हरमागे लागतो.

‘तीन वर्षं.’ असं सर्टिफिकेट आता मिळतच नाही. १ सप्टेंबर २०२०पासून कमाल मुदत ३९८ दिवस झाली. १५ मार्च २०२६पासून ती २०० दिवस, २०२७च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९पासून ४७ दिवस ठरली आहे. तीन वर्षांचे पैसे भरले तरी सर्टिफिकेट पुन्हापुन्हा बसवावं लागणार. ते कोण बसवणार आणि अ‍ॅक्मीने (सर्टिफिकेट आपोआप मागवून बसवण्याची पद्धत) आपोआप नूतनीकरण होईल का, हे दराइतकंच ठळक विचारा.

‘विक्रेता बघून घेईल.’ खासगी की (‘प्रायव्हेट की’, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) तरी त्याच्याकडे जाऊ देऊ नका. २०१८मध्ये ट्रस्टिको या विक्रेत्याने ग्राहकांच्या सुमारे २३,००० खासगी की ईमेलने डिजिसर्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला पाठवल्या आणि ती सर्टिफिकेटं तडकाफडकी रद्द झाली. सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटसाठीचा अर्ज, जिथे तयार होतो तिथेच सहसा खासगी कीही बनते, म्हणून मागणीपत्रात एक ओळ घाला: ‘सीएसआर आमच्याच सर्व्हरवर तयार होईल, विक्रेत्याकडे फक्त सीएसआर येईल.’