थोडंसं प्रेशर जाणवेल

दात काढायचाय ही बातमी चारचौघांत फोडू नये. घर बदललं, नोकरी सुटली, मुलीचं लग्न ठरलं, काहीही सांगा. लोक दोन मिनिटं ऐकतात आणि आपल्या कामाला लागतात. दात म्हटलं की मात्र प्रत्येकाकडे एक गोष्ट तयार असते, आणि तिच्यात रक्त असतंच. कुणाच्या मेहुण्याची दाढ म्हणे अर्धीच निघाली. कुणाला भूल चढलीच नाही. कुणाच्या आत्याची दाढ काढताना डॉक्टरांनी तिच्या छातीवर गुडघा टेकवला होता. ही गुडघ्याची गोष्ट मी निरनिराळ्या माणसांकडून ऐकली आहे. गुडघा तोच, आत्या बदलते.

माझी गेली ती खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. ही साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाचे दात अजून पडत असतात तेव्हा. म्हणजे तोंडातल्या सर्वांत जुन्या मंडळींपैकी. तिचं रूट कॅनाल होऊन बरीच वर्षं झाली होती, वर टोपीही होती, पण आता खाली मूळच उभं चिरलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर मोठा करून दाखवला. मुळाभोवतीचं हाड झिजून तिथे काळी सावली पडली होती. मी गंभीरपणे मान हलवली. एक्स-रे समोर धरला की सगळेच गंभीरपणे मान हलवतात. कळलेलं कुणालाच नसतं.

"ही नाही वाचणार, काका," डॉक्टर म्हणाल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. मग असिस्टंटकडे वळून म्हणाल्या, "छत्तीस."

दंतवैद्य दातांना नंबराने ओळखतात. तोंडाचे चार भाग करायचे, त्यांना एक ते चार आकडे द्यायचे. मग प्रत्येक भागात पुढच्या दातापासून मागे अक्कलदाढेपर्यंत एक ते आठ मोजायचं. खालचा डावा भाग तिसरा, त्यातली सहावी माझी. या दाढेचा आणि माझा छत्तीसचा आकडा होताच. आता तो केसपेपरवर चढला.

आधी चौकशी होते. बीपी आहे का, शुगर आहे का, हृदयाचं काही, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. इथे लोक फार खोटं बोलतात, असं डॉक्टर म्हणाल्या. काही जण गोळ्यांचं सांगतच नाहीत आणि काही जण परस्पर आठवडाभर आधी बंद करून येतात. दोन्ही महागात पडू शकतं. शेवटचा प्रश्न मला आवडला: "खाऊन आलात ना?" माझ्या डोक्यात ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटी, असं बसलेलं. पण नुसती जागेवरची भूल द्यायची असेल तर पोटात काहीतरी असलेलंच बरं. उपाशी माणूस खुर्चीत घेरी येऊन पडण्याची शक्यता जास्त. इतक्या सगळ्या सूचनांत मनापासून पाळावी अशी ही एकच निघाली.

मग इंजेक्शन. "मुंगी चावल्यासारखं वाटेल." या लोकांचा मुंग्यांशी फारसा संबंध आला नसावा. आधी हिरडीवर कसलंसं जेल लावतात, त्यामुळे सुई टोचलेली खरंच फार कळत नाही. पण ती जाते कुठे, हे कळतं. वरच्या दाताचं सोपं असतं. वरचं हाड सच्छिद्र, औषध दाताशेजारी टोचलं की आत झिरपतं. खालच्या जबड्याचं हाड घट्ट. त्यामुळे जबड्यात शिरणारी नसच गाठावी लागते, आणि ती पार मागे, घशाच्या वाटेवर. दात पुढे, सुई मागे. आपण चुकीचा पत्ता सांगितला की काय, अशी शंका येते.

सुई निघाली आणि छाती धडधडायला लागली. मी खुर्चीचे हात धरले. "ती धडधड औषधाची आहे हं," डॉक्टर म्हणाल्या. भुलेच्या औषधात थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी येतं आणि भूल जास्त वेळ टिकते. जाता जाता ते हृदयालाही एक चापट मारून जातं. आपण घाबरलेलो नाही, हे शास्त्रीय कारण मी तत्काळ मान्य केलं.

भूल चढेपर्यंत बसायचं असतं. या वेळात माणूस भिंतीवरचे दातांचे तक्ते वाचतो किंवा इतिहासाचा आधार घेतो. माणसाला बेशुद्ध करायच्या सुरुवातीच्या खटपटीत दंतवैद्यच हिरिरीने पुढे होते, आणि ते साहजिक आहे. पेशंट उठून पळण्याचा धोका त्यांच्याइतका कुणाला नव्हता. अमेरिकेतल्या होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने डिसेंबर १८४४मध्ये लाफिंग गॅसचा खेळ पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तो गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १८४५मध्ये त्याने बोस्टनमध्ये डॉक्टरमंडळींसमोर प्रयोग लावला, तर ऐन वेळी पेशंट ओरडला आणि वेल्सचं हसं झालं. पुढच्याच वर्षी, १८४६मध्ये, त्याचाच जुना भागीदार मॉर्टन त्याच शहरात ईथर देऊन नाव कमावून गेला. माझ्या जबड्यात गेलेलं लिग्नोकेन हे भुलेचं औषध त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४३मध्ये, स्वीडनमध्ये तयार झालं. स्वीडनचे मी मनात आभार मानले. ते तेवढ्यावर थांबणार नव्हते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

"ओठ जड झाला का?"

झाला होता. अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटीची एक बाजू माझी राहिली नव्हती. बोटाने चाचपली तर दुसऱ्याच कुणाची तरी हनुवटी हाताला लागत होती. "हो" म्हणायला गेलो, "हॉव" असं काहीतरी बाहेर पडलं. डॉक्टरांनी टोकदार काहीतरी हिरडीत खुपसून पाहिलं, दुखलं नाही, आणि मग ते वाक्य आलं: "आता दुखणार नाही. फक्त थोडंसं प्रेशर जाणवेल."

या वाक्यात खोटं काही नाही. दुखत नाही, अगदी शपथेवर सांगतो. भूल दुखण्याचा निरोप अडवते. दाबाचा निरोप वेगळ्या, जाड तंतूंतून जातो आणि तो बऱ्यापैकी पोचतो. त्यामुळे दुखणं सोडून बाकी जे जे होण्यासारखं असतं, ते सगळं होतं. "थोडंसं" या शब्दाची व्याख्या मात्र दंतवैद्यकाच्या कॉलेजात वेगळी शिकवत असावेत.

दात ओढून काढतात ही माझी लहानपणापासूनची समजूत. प्रत्यक्षात आधी बराच वेळ कुणी ओढतच नाही. दात हाडाला चिकटवलेला नसतो, बारीक तंतूंनी खोबणीत टांगलेला असतो. दात आणि हाड यांच्यात अंतर असतं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतकं. त्या फटीत एलिव्हेटर नावाचं चपटं अवजार सरकवतात आणि हळूहळू पिळतात. मग पक्कड, आणि तीही आधी चक्क खाली दाबतात. गाडलेला खुंटा उपटायचा तर आधी इकडून तिकडे हलवून त्याचं भोक मोठं करतात, तसाच हा कारभार. हाड थोडं थोडं सैल होतं, तंतू तुटतात, आणि शेवटचं ओढणं नावापुरतं उरतं. म्हणूनच माझ्या काटकुळ्या डॉक्टरांना गुडघ्याची गरज पडली नाही. एक हात माझा जबडा खालून तोलून धरत होता, दुसरा मनगटातून वळत होता. त्यांच्या चष्म्याच्या भिंगात माझं तोंड मला दिसत होतं: एक लाल गुहा, तिच्यात चकाकणारं स्टील, आणि कोपऱ्यात जीभ, लपायला जागा शोधणारी. मी डोळे मिटले.

डोळे मिटता येतात. कान मिटता येत नाहीत, कारण हा आवाज बाहेरून येतच नाही. तो हाडातून थेट आतल्या कानात शिरतो. करकर, कुरकुर आणि मध्येच एक खणखणीत "कट्".

खोलीत बाकी कुणालाच तो ऐकू आला नसावा, कारण डॉक्टर त्याच क्षणी असिस्टंटशी सुट्ट्यांबद्दल बोलत होत्या.

मग त्या थांबल्या. "हं," म्हणाल्या. डॉक्टरच्या "हं"ला किती अर्थ असतात, हे खुर्चीत आडवं झाल्याशिवाय कळत नाही. "सिस्टर, दुसरा द्या." पहिल्याचं काय झालं? "हा नको, तो." तो म्हणजे कुठला? विचारायची सोय नव्हती. तोंडात एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला थुंकी ओढणारी नळी. ती मधूनच माझ्या गालाला चिकटून फुर्रर्र करत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते तिथे शब्दशः कळलं.

आणि नेमकं याच वेळी दंतवैद्यांना गप्पा सुचतात.

"मुलगा काय करतो, काका?"

"आं आं."

"अच्छा, बाहेर असतो! करमतं का तिकडे?"

मुलगा घरीच असतो. पण त्यांनी त्याला परदेशी पाठवला, तिथे थंडीही पडू दिली, आणि मी "आं" म्हणत सगळ्याला रुकार दिला.

झालं होतं असं, की रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ असते. वरचा भाग तुटून हातात आला आणि मुळं आत राहिली. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यांच्या दृष्टीने रोजचं आहे. खालच्या मोठ्या दाढेला बहुतेक दोन मुळं असतात. ड्रिलने ती एकमेकांपासून वेगळी करायची आणि एकेक करून काढायची. पहिलं सहज आलं. दुसऱ्याने अब्रूचा प्रश्न केला. त्यालाही थोडंसं प्रेशर जाणवलं, तेव्हा कुठे ते निघालं.

ट्रेमध्ये तुकडे ठेवून दाखवले. वर्षानुवर्षं आरशात दिसत होता तो नुसता माथा होता. खाली दुपटीने लांब, पिवळट, वाकडी मुळं. एवढं सगळं माझ्यात होतं, हे मला कुणी बोललं नव्हतं. "घरी नेणार का?" असिस्टंटने विचारलं. लोक नेतात म्हणे. काय करतात, ते विचारायला तोंड मोकळं नव्हतं. तोवर त्यात कापसाची घडी कोंबून "घट्ट दाबून धरा" असं सांगून झालं होतं.

माझ्या मते खरा छळ इथून सुरू होतो, आणि त्याबद्दल ती आत्या-मेहुण्यांची मंडळी अवाक्षर काढत नाहीत. बोळा अर्धा-पाऊण तास चावून धरायचा. चोवीस तास चूळ भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, सिगारेट नाही, गरम नाही. आणि थुंकायचं नाही. तोंडात रक्ताची चव आहे, लाळ सुटली आहे आणि थुंकायचं नाही! कारण खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते, तीच खालच्या हाडाचं पांघरूण. ओढून किंवा थुंकून ती निसटली तर हाड उघडं पडतं आणि दोन-चार दिवसांत कानापर्यंत ठणका जातो. ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. नाव ऐकून मी गिळणंसुद्धा बेताने सुरू केलं. थोडंसं रक्त भरपूर लाळेत मिसळलं की तोंडभर रक्त असल्यासारखं दिसतं, हेही त्यांनी सांगितलं होतं. तरी पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मी भिंत धरली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "दुखलं का हो?"

"औं औं."

"बोलू नका. लिहून दाखवा."

मी लिहिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "अक्षर तरी नीट काढा, हाताला भूल नाही दिली." मग फोनवर बहिणीला सांगितलं, की हे आलेत, ठीक आहेत, आणि घरात आज फार छान वाटतंय.

भूल उतरायला तीन-चार तास गेले. तोवर खायचं नाही, कारण आपण आपलाच गाल चावून खातो आणि पत्ताही लागत नाही. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येते. नेमकी तेव्हा, जेव्हा सगळे म्हणत असतात की आता बरं वाटत असेल. सूज उतरण्याऐवजी वाढतच गेली, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर डॉक्टरांना गाठायचं; बाकी वेळी फक्त फोटो काढू द्यायचा नाही.

जिभेला या सगळ्यातलं काही सांगून उपयोग नसतो. ती त्या खड्ड्याला दिवसातून अगणित वेळा भेट देते. बाहेरून काडीएवढी जागा. जिभेला ती विहीर वाटते. हिरडी महिन्याभरात वरून मिटते, आतलं हाड भरायला मात्र काही महिने लागतात.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर खूश झाल्या. जखम छान भरत होती. मी उठणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "पण ही जागा रिकामी ठेवायची नाही हं, काका." रिकामी ठेवली तर म्हणे शेजारचे दात तिच्यात कलतात आणि वरचा, समोर अडवायला कुणी नाही म्हटल्यावर, हळूहळू खाली उतरतो. यावर उपाय इम्प्लांट: जबड्याच्या हाडात ड्रिलने भोक पाडायचं, टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरून जुळेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग वर नवा दात. हाड टायटॅनियमला असं घट्ट धरतं, हे ब्रानेमार्क नावाच्या शास्त्रज्ञाला सशांवर प्रयोग करताना दिसलं. १९६५मध्ये त्याने पहिल्या माणसाच्या जबड्यात ते बसवलंसुद्धा. शास्त्रज्ञ कुठला? स्वीडनचा. एका देशाने माझ्या जबड्यात किती लक्ष घालावं!

"मग कधीची वेळ देऊ?" डॉक्टरांनी डायरी उघडत विचारलं.

या वेळी माझ्या तोंडात कापूस नव्हता, नळी नव्हती, भूल नव्हती. ओठ, जीभ, हनुवटी सगळं ताब्यात होतं.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. स, श, ष सगळे जागच्या जागी आले. "आणि डॉक्टर, माझा मुलगा इथेच असतो."