चालणारी मी, तर आकडाही माझ्याकडेच राहू दे

ऑफिसने मनगटाला फिटनेस बँड दिला, याला माझा अजिबात विरोध नाही. त्या बँडमधला रोजच्या पावलांचा आकडा नावासकट कँटीनच्या टीव्हीवर लावतात, याला आहे. एचआरसमोर हे बोलून झालंय. पुण्यातल्या बऱ्याच आयटी ऑफिसांत आता असे स्टेप चॅलेंज, म्हणजे पावलं मोजायच्या स्पर्धा, चालतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी बँडची बाजू घेते. आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस खरंच जास्त चालतो. २००७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात पेडोमीटरवरच्या (पावलं मोजणाऱ्या यंत्रावरच्या) अभ्यासांचा एक आढावा आला होता. त्यातल्या तुलनात्मक चाचण्यांमध्ये पेडोमीटर लावलेली माणसं बाकीच्यांपेक्षा दिवसाला साधारण अडीच हजार पावलं जास्त चालली. रोजचं काहीतरी लक्ष्य ठरवून दिलेलं असणं, हे त्यामागचं महत्त्वाचं कारण होतं. म्हणजे हे यंत्र काम करतं.

आणि आपल्याला त्याची गरजही आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे. "मी तर बारीक आहे, मला काय गरज" असं म्हणणारे माझ्या टीममध्येही आहेत. त्यांना मी आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण देते. त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याला फसवतो, हे पुण्यातल्याच डॉक्टरांनी जगाला दाखवलं. तेव्हा चालायला हवं, यात वादच नाही.

वाद आहे तो चालवून घेण्याच्या पद्धतीवर.

पहिली गोष्ट, सगळ्यांना सरसकट १०,००० पावलं. या आकड्याची सुरुवात १९६५ साली जपानमधल्या एका पेडोमीटरच्या विक्रीतून झाली, कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नाही. २०१९ मध्ये वयस्क अमेरिकन बायकांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. जो आज तीन हजार चालतो त्याला साडेचार हजारांवर आणणं हे मोठं काम आहे, आणि आमच्या बोर्डवर तोच माणूस 'अपूर्ण' म्हणून लाल रंगात दिसतो. लक्ष्य ज्याचं त्याच्या आजच्या चालण्यावरून ठरायला हवं. एवढी साधी सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असतेच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आमच्या मजल्यावर एका सहकाऱ्याचा पाय लहानपणापासून अधू आहे. कामात तो आमच्यातल्या कित्येकांच्या पुढे आहे. रोज दुपारी जेवताना त्याचं नाव टीव्हीवर सगळ्यांत खाली दिसायचं. तो काही बोलला नाही, फक्त कँटीनला यायचा बंद झाला. एका मैत्रिणीची पावलं अचानक कमी झाली, तेव्हा लोकांनी अंदाज बांधले आणि एकीने तिला थेट विचारलंही. तिला दिवस गेले होते. ही बातमी कधी आणि कोणाला सांगायची, हा तिचा आणि तिच्या घरच्यांचा निर्णय होता. बँडमुळे तो निर्णय तिच्या हातून गेला. पावलांच्या आकड्यात आजारपण असतं, पाळी असते, रात्रीची झोप असते, घरातलं आजारी माणूस असतं. हे सगळं मॅनेजरच्या स्क्रीनवर कशासाठी? उद्या अप्रेझलच्या वेळी ते त्याच्या मनात नसेल, याची खात्री कोण देणार?

आणि चढाओढ लावून, बक्षिसं देऊन टिकाऊ काही हाती लागतं का? सिंगापूरमध्ये १३ संस्थांमधल्या ८०० कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. काहींना नुसता ट्रॅकर, काहींना त्यासोबत सहा महिने पैसे. पैसे मिळत होते तोवर हालचाल वाढली, पैसे थांबल्यावर ती वाढ टिकली नाही. वर्षअखेरीस ट्रॅकर घालणारे जेमतेम दहा टक्के उरले. वजन, रक्तदाब यांत सुधारणा दिसली नाही. हे आपल्या एचआरच्या लोकांनी जरूर वाचावं. बक्षिसाचं व्हाउचर एक दिवसाचं असतं, मधुमेह जन्माचा.

मग माणूस चालणार कधी? कोथरूडहून हिंजवडीला येणारा सकाळी चांदणी चौकात अडकतो, संध्याकाळी भूमकर चौकात. घरी पोचेपर्यंत रात्र होते. मग जेवण उरकून आमचे लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारून आकडा पुरा करतात. म्हणजे कंपनीने लक्ष्य दिलं आणि वेळ घरच्यांच्या वाट्यातून घेतला. लहान मुलं असलेल्या बायकांना तर तेही जमत नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की चालायला वेळ कामाच्या तासांतून द्या. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात (२०१२) सलग पाच तास बसण्याऐवजी दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं हळू चालायला सांगितलं, तर गोड पेय प्यायल्यावर रक्तातली साखर जवळपास चतुर्थांशाने कमी वाढली. आपली आजी जेवणानंतर शतपावली घाल म्हणायची, त्याच्याच जवळपास जाणारी ही गोष्ट. पण दीड वाजता जेवण आणि पावणेदोनला क्लायंट कॉल असेल, तर शतपावली कुठून घालणार?

आणि जिना! आमच्या इमारतीत जिन्याचं दार आमच्या कार्डाने उघडत नव्हतं, ते फक्त आग लागली तर वापरायचं. दोन मजले चढायला माणसं लिफ्टसाठी रांगेत उभी राहायची, तेही हातात बँड बांधून. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. त्यांना कोणी लक्ष्य दिलं नव्हतं, त्यांचं कामच चालण्याचं होतं.

(जाता जाता: आमच्या मजल्यावर सर्वांत जास्त चालतात त्या हाउसकीपिंगच्या मावशी. त्या कंत्राटावर आहेत, म्हणून त्यांना बँड नाही आणि चेकअपही नाही. आरोग्याचा कार्यक्रम सगळ्यांचा असेल तर चेकअप त्यांनाही मिळायला हवा.)

आम्ही काही जणांनी मिळून लेखी मागणी दिली आहे. आकडा फक्त ज्याचा त्याला दिसावा, कंपनीला फार तर पूर्ण मजल्याची सरासरी. बँड न घालणाऱ्याला कोणी कारण विचारू नये. दुपारच्या जेवणानंतर दोन वाजेपर्यंत मीटिंग नको. ज्या कॉलला स्क्रीन बघावी लागत नाही, तो चालत घ्यायला परवानगी हवी. आणि जिना उघडा.

जिन्याचं दार मागच्या आठवड्यात उघडलं, त्यासाठी अ‍ॅडमिनच्या लोकांचे मनापासून आभार. दुपारच्या मीटिंगबद्दल दोन मॅनेजर तयार झालेत, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. टीव्हीवरच्या नावांबद्दल "त्यामुळे उत्साह येतो" एवढंच उत्तर मिळालं. महिनाअखेरीला पुन्हा बैठक आहे. तिथे सिंगापूरची चाचणी छापून नेणार आहे, आणि ती नावं उतरेपर्यंत आमच्यातले बरेच जण अ‍ॅपमधलं शेअरिंग बंद ठेवणार आहेत. चालणं बंद नाही, ते चालूच आहे.