मुख्यालयी राहणाऱ्या बाई

"अमेरिकेत शिक्षक गावातच राहतात म्हणे, खरं का रे?" आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर हाच धुरळा. जिल्हा परिषदेचे गुरुजी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाहीत, घरभाडं मात्र उचलतात, हे जुनंच भांडण. त्यात 20च्या आतल्या पटाच्या शाळा गुंडाळून त्यांची मिळून एक 'समूह शाळा' काढायचा विषय मिसळला आणि मला साक्षीला बोलावलं गेलं. पुण्यात फ्लॅटमध्ये बसून वाडीवरच्या मास्तराला गावात राहायला सांगणाऱ्यांचं मला हसूच येतं. तरी सांगतो.

मी नेब्रास्कात, कस्टर काउंटीत. मक्याच्या बियाण्याच्या कामाला आलो, त्याला 14 वर्षं झाली. धाकटीच्या तिसरीच्या बाई खरंच गावात राहतात. गाव म्हणजे एलेव्हेटर (धान्याचं उंच कोठार), दोन चर्च, एक गॅस स्टेशन. सकाळी साडेसहाला शाळेची बस बाई स्वतःच काढतात, कारण ड्रायव्हर मिळत नाही. दुपारी उलटी फेरी, मग मुलींचं व्हॉलीबॉल. ऑगस्टमध्ये डॉलर जनरल या स्वस्त दुकानाच्या रांगेत भेटल्या, तर गाडाभर पेन्सिली, वह्या, क्लीनेक्सचे डबे. पैसे पदरचे. सरकारलाही हे ठाऊक आहे: शिक्षकाने वर्गासाठी खिशातून घातलेले पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतात. हे ग्रुपवर टाकल्यावर एकाने लिहिलं, "बघा, याला म्हणतात त्याग!" डोंबलाचा त्याग. वर्गाला खडू-पेन्सिल पुरवायचं काम बाईंच्या गळ्यात मारलंय, एवढंच.

बाईंची पहिली नोकरी एकखोली शाळेतली. सहा इयत्ता, पोरं सात. शाळेला लागूनच बाईंसाठी राहायचा ट्रेलर, भाडं शून्य. (मुख्यालयवाल्यांनी एवढं तरी वाचावं: आधी घर दिलं होतं.) 1930च्या सुमारास या देशात अशा एकशिक्षकी शाळा दीड लाखाच्या घरात होत्या. नेब्रास्काने त्या बऱ्याच उशिरापर्यंत टिकवल्या. मग 2005 साली कायदा झाला: नुसत्या प्राथमिक शाळा चालवणारी 200हून जास्त छोटी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळा मंडळं, मोठ्यांत विलीन करा. जून 2006 मध्ये ती मोडली. नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून तो कायदाच रद्द केला, पण मोडलेलं परत कोण जोडणार? बाईंच्या त्या शाळेत आता गवताचे भारे असतात. समूह शाळेचे गोडवे गाणाऱ्यांना मी हा फोटो पाठवला. कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही. माझे वडील, अण्णा, पाटण खोऱ्यातल्या एका वाडीवर मास्तर होते आणि आम्ही राहायचो कराडला. पहाटेची एसटी, पुढे तासभर चढण. मुख्यालयी राहत असल्याचा दाखला दरवर्षी सरपंचांच्या सहीने जायचा. त्याचा मजकूर सातवीपासून मी लिहायचो, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'सदर शिक्षक सहकुटुंब गावी राहतात.' त्या कुटुंबातला मी कराडच्या चांगल्या शाळेत. वाडीतल्या पोरांना शाळा सुटल्यावर गुरुजी कधी दिसलेच नाहीत. त्या खोट्या दाखल्यांच्या जोरावर मी इथवर आलो, आणि ग्रुपवर अण्णांच्या बाजूने तावातावाने भांडतोय.

परवा बाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षी शाळेच्या गार्डनचं तुम्ही बघाल का? मक्याचं तुम्हाला कळतं." मी हो म्हणालो. थोरलीच्या हायस्कूलसाठी आम्ही ओमाहाला घर बघून ठेवलंय, जूनमध्ये निघायचंय. बाईंना अजून सांगितलेलं नाही.