चिखलदऱ्याचं पाणी

आमचं घर परतवाड्याचं, चिखलदऱ्याच्या पायथ्याचं. त्यामुळे चिखलदऱ्याला "सहलीला जाणं" हा प्रकार आमच्याकडे नव्हता. पाहुणे आले की त्यांना "वर" न्यायचं, इतकंच. घाट लागला की आई खिडकीची काच उतरवायला लावायची. खाली अमरावती-अकोल्यात उन्हानं जीव नकोसा झालेला आणि वर, सुमारे १,१०० मीटरवर, संध्याकाळी अंगावर शाल! विदर्भाच्या माणसाला या एका गोष्टीचं केवढं अप्रूप आहे ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

पण इतक्या वर्षांत आम्ही गेलो ते बहुतेक श्रावणातच. धुकं, भीमकुंडाचा धबधबा, कोळशावरचं कणीस, वाटेवरच्या मोथा गावची रबडी आणि परत. भीमानं कीचकाला मारून याच दरीत फेकलं आणि कीचकदऱ्याचा पुढे चिखलदरा झाला, ही गोष्ट ऐकल्याशिवाय एकही फेरी पूर्ण झाली नाही. या वर्षी मात्र आईला आणि भाच्याला घेऊन मे महिन्यात गेले, दोन रात्री राहिले. आणि मला माझंच गाव नव्यानं दिसलं.

पहिल्या संध्याकाळी शक्कर तलावावर गेलो. पाणी काठापासून बरंच आत सरकलेलं, मधल्या गाळाला भेगा. राहायच्या ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मी सहज म्हटलं, यंदा पाणी फारच खाली गेलंय. त्या म्हणाल्या, "ताई, पाऊस लय पडते इथं. पन उन्हायात टँकरची वाट पाहा लागते. आमच्या गावात टँकर आला की पोरं शाळा सोडून हंडे घेऊन पयतात." आमच्या खोलीत त्या वेळी गरम पाण्याचा नळ चालू होता. मी उठून तो बंद केला.

विदर्भात पाऊस सगळ्यात जास्त कुठं पडतो म्हणून विचारलं तर चिखलदऱ्याचं नाव पुढं येतंच. मग पाणी जातं कुठं? खाली काळा पाषाण, त्यावर मातीचा पातळ थर, कडे सरळ तुटलेले. पडलेलं पाणी थांबतच नाही. दक्षिणेकडून सापन आणि चंद्रभागा ते घेऊन पूर्णेला जातात, पलीकडून सिपना ते तापीत नेते, आणि पूर्णाही शेवटी तापीलाच मिळते. म्हणजे आम्ही खालची माणसं वर्षभर जे पाणी पितो, ज्याच्यावर संत्र्याच्या बागा करतो, ते याच डोंगरानं दिलेलं असतं, आणि मे महिन्यात हंडा घेऊन रांगेत उभी असते ती वरची बाई. हे मला वयाच्या पन्नाशीला कळावं, याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाविलगडावर गेलो. १५ डिसेंबर १८०३ ला हा किल्ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतला आणि दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, हे आपण शाळेत शिकतो. भाच्याला मी तटबंदी दाखवत होते, पण त्याचं लक्ष होतं किल्ल्याच्या आतल्या तलावांकडे. "मावशी, इतक्या उंचावर तलाव कशाला?" अरे, पाणी नसेल तर किल्ला चार दिवस लढू शकत नाही. ज्यांनी हा गड बांधला त्यांना दगडात पाणी अडवायची अक्कल होती, आणि डोंगरावर राहायचं तर आधी पाण्याची सोय करायची, हा त्यांचा क्रमही बरोबर होता. आपण तो उलटा केलाय. आधी खोल्या वाढवायच्या, पॉइंटवर काँक्रीट ओतायचं, आणि पाण्याचं मग बघू.

मला स्पष्टच म्हणायचंय. चिखलदऱ्याचं महाबळेश्वर करायचं स्वप्न सोडून द्या. हे थंड हवेचं ठिकाण आहेच, पण त्याआधी ते मेळघाटाचं दार आहे. देशात १९७३-७४ ला पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यात मेळघाट होता. या जंगलासाठी बोरी, कोहा, कुंडसारखी गावं आपली शेतं आणि देव मागे ठेवून उठली. आणि आपण शनिवारी रात्री तलावाच्या काठावर गाडीची डिकी उघडून गाणी लावतो. ज्या पाण्यावर अंधार पडल्यावर जनावरं यायची, तिथं आपल्या बाटल्या तरंगतात. मला याचा खरंच संताप येतो.

सेमाडोहकडून जंगलात गेलो तेव्हा सोबतचा कोरकू आदिवासी वाटाड्या भाच्याला शब्द शिकवत होता. पाण्याला डा. सागाला सिपना, म्हणून नदीचं नाव सिपना. वाघाला कुला, आणि नुसतं कुला नाही म्हणायचं, कुला मामा म्हणायचं. वाघ दिसला नाही. पाणवठ्यावर रानगवे दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. आणि एका वाळक्या सागावर, भर दिवसा, रानपिंगळा! १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कोणाला सापडला नव्हता, संपलाच असं धरून चालले होते. १९९७ ला तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला, पुढे मेळघाटातही मिळाला. त्या वाटाड्यानं तो आमच्या आधी कितीतरी लांबून पाहिला होता. अशा पोरांना वर्षभर काम मिळालं तर पर्यटन वाढलं असं मी म्हणेन.

नव्या हॉटेलाला परवानगी देताना छतावरचं पाणी साठवायची टाकी आधी तपासा. उन्हाळ्यात तलाव उघडे पडतात तेव्हाच गाळ काढा, तो शेतकऱ्यांना द्या. आणि आपण जाणाऱ्यांनी एक रात्र जास्त राहावं, बादलीभर पाण्यात आंघोळ करावी, खवा-रबडी गवळ्याकडूनच घ्यावी.

उतरताना आई गप्प होती. घरी पोचण्याआधी तिनं सापनच्या पुलाकडे गाडी वळवायला सांगितली. पात्रात धोंडे आणि पिशव्या. एका डबक्यात जेमतेम पाणी होतं, त्यात दोन म्हशी बसल्या होत्या. भाच्यानं विचारलं, "हे वरचंच का?" आई म्हणाली, "हो रे, वरचंच."